चार बोटं दोरा

फोन आला तेव्हा फौजदार दाढी करत होते. अर्धा गाल साबणात, अर्धा मोकळा.

"ताबडतोब या," प्राचार्य म्हणाले. "कॉलेजात चोरी झालीय."

"काय गेलंय?"

"परीक्षेच्या पाकिटातली चिठ्ठी. म्हणजे गेली होती, आता सापडली. चोरही सापडला."

"मग माझं काय काम?"

प्राचार्यांनी आवाज खाली आणला. "चोर म्हणजे आपली भिंग आहे," प्राचार्य म्हणाले.

फौजदारांनी उरलेला गाल कसाबसा उरकला, हनुवटीला कापून घेतलं आणि तसेच निघाले.

फौजदार आता नावालाच फौजदार होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. कॉलेजात फौजदारी न्यायाचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा 'घटनास्थळाची पाहणी' शिकवायला त्यांना बोलावून घेतलं. आठवड्यातून दोन तास. पूर्वी ते प्रश्न विचारायचे तेव्हा समोरच्याला घाम फुटायचा. आता ते प्रश्न विचारायचे तेव्हा शेवटच्या बाकावर जांभया फुटायच्या. कमरेचा पट्टा गेला, हातात खडू आला आणि कुणाला दरडावायची सोय उरली नाही.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं मात्र कधी जांभई दिली नाही. तिला वर्गात सगळे भिंग म्हणायचे. टेबलावर काडेपेटी ठेवून 'दिसेल ते लिहा' म्हटलं की बाकीचे दहा-बारा गोष्टी लिहून पेन चघळत बसायचे. हिच्या चाळीस व्हायच्या. पेटीत एक काडी उलटी ठेवलीय, हेसुद्धा तिनं लिहिलेलं असायचं. वर्गातल्या पोरांपेक्षा ती पाच-सहा वर्षांनी मोठी होती. आईच्या आजारपणात तिची तेवढी वर्षं गेली होती, त्यामुळे पोलीस उपनिरीक्षकाच्या भरतीसाठी वयाची अट यंदाच संपत होती. अर्जाची शेवटची तारीख आज होती, संध्याकाळी सहापर्यंत. अर्जाला प्राचार्यांच्या सहीचा वर्तणुकीचा दाखला जोडावा लागणार होता. आज दुपारी तो मिळायचा होता.

आणि आजच ही भानगड.

विभागप्रमुख बाई परीक्षेच्या खोलीत उभ्या होत्या. कडक बाई. त्यांच्या समोर भिंतीवरचं घड्याळसुद्धा मागे पडायला धजत नसे, असं मुलं म्हणत.

"काय घडलं ते पहिल्यापासून सांगा," फौजदार म्हणाले.

"आज शेवटचं प्रात्यक्षिक होतं. पाच मुलं, पाच पाकिटं. प्रत्येकात एक वस्तू आणि एक छोटं बंद पाकीट. त्या बंद पाकिटात उत्तराची चिठ्ठी. विद्यार्थ्यानं वस्तू पाहून निष्कर्ष लिहायचा, मग त्याच्या समोर आम्ही चिठ्ठी फोडायची. काल दुपारी मी स्वतः पाचही पाकिटं दोऱ्यानं बांधली, गाठीवर लाख ओतली, विभागाचा शिक्का उठवला."

"कुठं ठेवली?"

"माझ्या खोलीतल्या कपाटात. कपाटाला नुसती कडी आहे, कुलूप खोलीला. शिक्का, लाख आणि कुणाचं पाकीट कुठलं ती यादीही तिथंच. आज साडेआठला सुरक्षावाले हवालदार आले. म्हणाले, कपाटाचं दार उघडं दिसतंय. मी पाकिटं तपासली. तिसऱ्याच्या लाखेला ताजा वास होता. उघडून पाहिलं तर चिठ्ठी नाही. तिसरं पाकीट कुणाचं होतं हे यादीत आहे."

"भिंगचं."

"तिचंच. मग लॉकर तपासले. तिच्या लॉकरमध्ये वहीखाली चिठ्ठी मिळाली."

"लॉकर तपासायचं कुणी सुचवलं?"

"हवालदारांनी." बाईंचा आवाज जरा मऊ झाला. "खरं सांगू? त्या माणसापुढं मान झुकवावी. स्वतःच्या मुलीचा लॉकर त्यांनी सगळ्यांच्या देखत तिला उघडायला लावला. म्हणाले, नियम म्हणजे नियम."

भिंगचे वडील म्हणजे हे हवालदार. पोलिसातून निवृत्त झाल्यावर ते कॉलेजच्या सुरक्षारक्षकांचे प्रमुख झाले होते. एके काळी फौजदार आणि ते एकाच ठाण्यात होते, एकाच डब्यात जेवलेले.

"चिठ्ठी दाखवा."

बाईंनी काडेपेटीएवढं पांढरं पाकीट पुढं केलं. फौजदारांनी ते उजेडात धरलं, कडेवरून नख फिरवलं. डिंक सगळीकडून पक्का होता.

"आणि मोठं पाकीट?"

खाकी कागद, वर दोरा, मध्ये लाल लाखेचा गोळा. पाकीट बाईंनी कडेनं कापून उघडलं होतं, त्यामुळे गाठ शाबूत होती. लाखेखालून दोऱ्याची दोन टोकं मिशांसारखी बाहेर आली होती. शेजारची चार पाकिटं नीटनेटकी होती, त्यांची टोकं गाठीपाशीच कापलेली.

फौजदारांनी ते पाकीट बराच वेळ हातात ठेवलं.

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"म्हातारपण," फौजदार म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

भिंग रिकाम्या वर्गात बसली होती. रडलेली नव्हती. तिनं वही, पेन, पाण्याची बाटली टेबलाच्या कडेला सरळ रेषेत मांडून ठेवली होती.

"मला तुझा जबाब घ्यावा लागेल," फौजदार म्हणाले.

"घ्या सर. तुम्हीच शिकवलंय."

"चिठ्ठी तू घेतलीस?"

"नाही."

"लॉकरच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे असते, दुसरी घरी खिळ्याला."

"आज सकाळी कॉलेजात किती वाजता आलीस?"

"पावणेनऊला. बाबा सातलाच येतात, खोल्या उघडायला."

"वर्गात कुणाशी भांडण, कुणाचा राग?"

"भिंगावर कोण रागावणार, सर? सगळे माझ्याच वह्या उतरवतात."

फौजदारांनी खाकी पाकीट तिच्यापुढं ठेवलं. "नीट बघ. काही वेगळं दिसतंय?"

तिनं पाकीट उचललं. अंगठा लाखेवरून खाली घसरला आणि तिथंच थांबला. मग तिनं पाकीट पालथं ठेवलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

"नाही सर. मला काही वेगळं दिसत नाही."

फौजदारांनी तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले, वाचून दाखवले. तिनं सही केली. अक्षर नेहमीसारखं स्वच्छ होतं, फक्त पेन जरा जास्तच दाबून धरलेलं होतं.

"सर, दाखला मिळेल ना?"

"बघतो," फौजदार म्हणाले. असं म्हणायची त्यांना जन्मभर सवय होती, पण आज ते शब्द तोंडात कोरडे वाटले.

सुरक्षेची केबिन फाटकाशी होती. आत टेबल, किल्ल्यांचा फळा आणि भिंतीला रचलेल्या जुन्या नोंदवह्या. हवालदार त्या वह्यांचे गठ्ठे बांधत होते.

"या साहेब. बसा." त्यांनी स्टूल पुसलं. "चहा सांगू?"

"नको. हवालदार, कपाट उघडं होतं हे तुम्हाला कसं दिसलं?"

"फेरी मारताना. सवय आहे."

"बाईंच्या खोलीची किल्ली या फळ्यावरच असते?"

"असते. पण काल संध्याकाळपासून कुणी नेलेली नाही. ही बघा नोंद." त्यांनी वही पुढं सरकवली. नोंद खरंच नव्हती.

"पोरीनं केलं असेल असं वाटतं तुम्हाला?"

हवालदारांनी गठ्ठ्यावर गुडघा टेकवून दोरा आवळला. "सापडलं तिथं, साहेब. मी काय बोलू?"

"बाप म्हणून बोला."

"बाप म्हणून सांगतो, फार मोठी शिक्षा करू नका. परीक्षेत नापास करा, दाखला देऊ नका. पोलिसात कशाला कळवायचं? घरातल्या घरात मिटवा." त्यांनी गाठ मारली, दोन्ही टोकांवर बोटं ठेवून मापलं आणि मग दोरा तोडला.

फौजदार उठले. मग ते विभागाच्या कोठारात गेले आणि दोन वर्षांतली जुनी प्रात्यक्षिकं काढून बसले. दुपारचं जेवण राहूनच गेलं.

साडेचारला प्राचार्यांच्या खोलीत प्राचार्य, बाई आणि फौजदार जमले. हवालदारांना 'किल्ल्यांचं विचारायचंय' म्हणून बोलावलं होतं, ते दाराशी उभे राहिले. भिंग बाहेरच्या बाकावर होती. टेबलावर दाखल्याचा कोरा कागद होता आणि त्यावर प्राचार्यांचं पेन. प्राचार्य भला माणूस, पण कुठल्याही भानगडीत त्यांचा पहिला विचार दार लावून घ्यायचा असे. आताही त्यांनी तो अमलात आणला.

"सांगा, फौजदारसाहेब. थोडक्यात. सहाला अर्ज बंद होतोय."

"थोडक्यात सांगायचं तर मुलीनं काही केलेलं नाही," फौजदार म्हणाले. "उत्तर चोरणारा माणूस उत्तर वाचतो. ही चिठ्ठी बघा. डिंक उघडलेलाच नाही. परीक्षा अर्ध्या तासावर आलेली, चिठ्ठी हातात आणि ती न फोडता वहीखाली ठेवून द्यायची, असा चोर मी नोकरीत एकही पाहिला नाही. ही चिठ्ठी वाचायला नेलीच नव्हती. ती सापडावी म्हणून नेली होती."

बाई पुढं झुकल्या. त्यांनी चिठ्ठी घेतली, कडा तपासल्या. त्यांचे कान लाल झाले. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"चोर सापडला की कुणी पुढं बघत नाही, बाई. मीही नोकरीत तेच केलं. आता दुसरी गोष्ट. ती सापडावी म्हणून काय काय झालं? कपाट उघडं आहे हे एकानं सांगितलं. लॉकर तपासा हे एकानं सुचवलं. लॉकर एकानं उघडायला लावला. तिन्ही वेळा माणूस एकच."

प्राचार्यांनी दाराकडं पाहिलं. हवालदार जमिनीकडं बघत होते.

"ते तर त्यांचं कामच आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर कुणाला शंका आली नाही. मलाही आली नसती. पण हे पाकीट बघा. तुम्ही मुलांना शिकवता की गाठ मारली की टोकं जवळ कापायची, वर लाख. इथं टोकं चार बोटं लांब आहेत. आमच्या जुन्या ठाण्याजवळच्या कोर्टात एक मुद्देमाल कारकून होता, भलता खडूस. कोर्टात आलेल्या प्रत्येक पाकिटाची टोकं ओढून तो बघायचा, खालची गाठ खरी आहे की नाही. धरायला टोकं मिळाली नाहीत तर पाकीट परत. 'बांधून आणा.' आम्ही भर उन्हात सायकली मारत परत जायचो. तेव्हापासून त्या ठाण्यात प्रत्येक जण चार बोटं मोजून दोरा सोडायला लागला. फक्त त्या ठाण्यात. या आवारात त्या ठाण्याची माणसं दोनच. त्यातला मी सकाळी घरी दाढी करत होतो."

"पण मुलगी त्यांचीच," बाई म्हणाल्या. "वडिलांकडून शिकली असेल."

"मलाही तीच भीती होती. म्हणून तिची दोन वर्षांतली सगळी प्रात्यक्षिकं काढून पाहिली. तिनं बांधलेली एकोणीस पाकिटं. सगळ्यांची टोकं तुमच्या पद्धतीनं कापलेली. शिवाय ती आली पावणेनऊला आणि कपाट उघडं असल्याची वर्दी आली साडेआठला. आज सातला खोल्या कुणी उघडल्या? किल्ली फळ्यावरून न नोंदवता कोण काढू शकतं? लॉकरची दुसरी किल्ली ज्या घरात खिळ्याला असते, त्या घरात तिच्याशिवाय कोण राहतं?" फौजदार वळले. "आणि मघाशी वह्यांचे गठ्ठे तुम्ही माझ्यासमोर बांधलेत, हवालदार. दोरा मापून तोडलात. कपाट खुशाल उघडं टाकलंत, पण पाकीट उघडं टाकणं काही हाताला जमलं नाही."

हवालदारांनी टोपी काढून हातात धरली.

"मीच केलं, साहेब."

"का?"

"तुम्ही विचारता?"

"बाकीच्यांना कळू दे."

"आमच्या कोठडीत एक सुतार मेला होता," हवालदार प्राचार्यांना म्हणाले. "न्हाणीत पाय घसरला, असं लिहून आणलेल्या कागदावर मी सही केली. पाय घसरला नव्हता. मी तिथंच होतो. वरून सांगितलं, सही कर, नाहीतर घरी बस. माझी पोर, तायडी, तेव्हा चार वर्षांची होती. त्याची बायको महिनाभर ठाण्याच्या फाटकाशी येऊन बसायची. रोज मला विचारायची, हवालदार, तुम्ही तर तिथंच होता ना?"

फौजदार खिडकीशी गेले. तो कागद त्यांच्याच टेबलावरून पुढं गेला होता. त्यांनी तो वाचला होता आणि एकही प्रश्न विचारला नव्हता.

"माझ्या पोरीला सगळं दिसतं," हवालदार म्हणाले. "तिथं जाऊन ती काय करणार? बोलली तर चिरडतील. नाही बोलली तर माझ्यासारखी होईल. किती वेळा नको म्हणालो, ऐकत नाही. म्हटलं, यंदा दाखला अडला की वय संपेल, विषय संपेल. कुठंतरी शिकवेल, कारकुनी करेल. झोप तरी लागेल तिला."

"आणि चोर म्हणून नाव झालं ते?" बाईंनी विचारलं.

"चार दिवस बोलतात लोक, बाई. मग विसरतात."

प्राचार्यांनी मोठा श्वास सोडला. "ठीक आहे. हवालदार, राजीनामा द्या. मी पुढं काही करत नाही. मुलीला बोलवा, दाखला घेऊन जाऊ दे." त्यांनी पेन उचललं. पाच वाजायला आले होते.

भिंग आत आली. तिनं वडिलांच्या हातातली टोपी पाहिली, टेबलावरचं पाकीट पाहिलं आणि तिला काही सांगावं लागलं नाही.

"तायडे, सुटलीस तू," हवालदार म्हणाले. "साहेबांनी शोधलं. मी होतो. मला माफ कर नाहीतर करू नको, पण दाखला घे."

"मला माहीत होतं, बाबा."

"काय?"

"पाकीट हातात घेतलं तेव्हाच. आईच्या औषधांचे पुडे तुम्ही असेच बांधायचात. मी रोज सोडायचे ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची नोकरी गेली असती."

हवालदार भिंतीला टेकले. ज्या खोट्या सहीपासून तिला लांब ठेवायला त्यांनी हा सगळा उपद्व्याप केला होता, ती तिनं आज सकाळीच करून टाकली होती, आणि त्यांच्यासाठीच. फौजदारांना ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यांनी नजर वळवली.

बाईंनी हळूच विचारलं, "जबाबात तुम्ही तिला पाकिटाबद्दल विचारलं होतं?"

"विचारलं होतं," फौजदार म्हणाले.

"काय उत्तर दिलं?"

फौजदारांनी खिशातला कागद काढला. वाचायची गरज नव्हती. चौकशीत खोटा जबाब देणाऱ्याला निष्कलंक वर्तणुकीचा दाखला देता येत नाही, हा नियम बाईंनीच अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर छापला होता.

"हे बघा," प्राचार्य घाईनं म्हणाले, "आपण चार-पाच जणच आहोत. तो कागद फाइलला लागला नाही, तर तो कागदच नाही. फौजदारसाहेब, तुमचा कागद, तुम्ही ठरवा."

त्या कडक बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या नकार देत नव्हत्या. हवालदारांनी हात जोडले होते. फौजदारांची बोटं कागदाच्या मधोमध आली. फाडावा, असं त्यांना मनापासून वाटलं. फाडू नये, असंही वाटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना एक कागद धरून उभं राहण्यापलीकडं काही सुचत नव्हतं.

"सर, तो माझा जबाब आहे," भिंग म्हणाली. "बघू."

त्यांनी दिला. तिनं टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवला, सहीखाली रेघ मारली आणि लिहिलं. अक्षर प्रथमच वाकडं आलं. मग तिनं ते फौजदार वर्गात शिकवायचे तसं वाचून दाखवलं.

"वरील जबाबातलं शेवटचं उत्तर खोटं आहे. पाकिटाची गाठ माझ्या वडिलांची आहे हे मी ओळखलं होतं आणि सांगितलं नाही. हे मी कुणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे." तिनं तारीख घातली, वेळ घातली, सही केली आणि कागद प्राचार्यांपुढं सरकवला.

"अगं, वेडी आहेस का?" प्राचार्य म्हणाले. "पुढच्या वर्षी तुला अर्जच भरता येणार नाही."

"माहीत आहे, सर."

"मग कशाला?"

"हे फाडून घेतलं आणि तिथं गेले, तर पहिल्याच दिवशी कुणीतरी असाच कागद पुढं करेल. मग मी काय सांगू?" तिनं ओठ दाबून धरले, वही-पेन गोळा केलं. "मी जाऊ का?"

प्राचार्यांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी डोळे मिटून मान हलवली. प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कोरा दाखला खणात ठेवला.

ती गेली. कुणीही तिला थांबवू शकलं नाही. फौजदारांना वाटलं, निदान दारापर्यंत तिच्यासोबत जावं, पण ते टेबलापाशीच उभे राहिले. हवालदार खुर्चीत बसले होते, कुणाला न विचारता, उभ्या नोकरीत पहिल्यांदा. त्यांना जे हवं होतं तेच झालं होतं. पोरगी आता पोलिसात जाणार नव्हती.

"साहेब," ते म्हणाले, "ही चांगली फौजदार झाली असती हो."

आणि ते लहान पोरासारखे रडू लागले.